विंडोज १० गेलं, आता लिनक्स टाकायचं म्हणजे लाल बावट्याखाली जायचं काय?

खडेबाजार_हार्डवेअर

नमस्कार मंडळी. विषय जरा लांबडा हाय, चहा घेऊन बसा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला तेव्हापासून दुकानात एकच रांग, माणूस सीपीयू बगलेत मारून येतंय आणि म्हणतंय मालक ह्याच्यात ११ घाला. आता सहाव्या जनरेशनचा आय-थ्री, ११ ला लागणाऱ्या टीपीएम २.० ह्या सुरक्षेच्या चिपचा पत्ता नाही, आठव्या जनरेशनच्या खालचे इंटेलचे जवळजवळ सगळे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टनं बाहेर काढलेत, कुठलं ११ घालू? बायपास मारून बसवता येतंय, बाजारात बसवून देणारे बी हायत, खरं उद्या एखादं मोठं अपडेट बसलं नाही की गिऱ्हाईक शिव्या द्यायला माझ्याच दारात. ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट मिळतंय, त्याला मायक्रोसॉफ्टचं अकाउंट काढा, साइन इन करा, आणि मुळात ओरिजिनल की घेतलेलं मशीन आपल्या गावात शोधायचं तर दिवा घेऊन फिरावं लागतंय.

म्हणून ज्यांचं काम ब्राउझर, व्हॉट्सअॅप वेब, एखादं पत्र आणि प्रिंट एवढ्यावर भागतंय त्यांना मी विंडोजच्या जागी मिंट (लिनक्स ह्या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमचा एक प्रकार) टाकून देतो. चार जीबी रॅमवर बी चालतंय, एसएसडी घातली तर पळतंय.

आता भानगड. एका गिऱ्हाइकाचा पोरगा म्हणतोय हे डाव्या लोकांचं सॉफ्टवेअर, फुकट देतात म्हणजे आत काय तरी घातलेलं असणार. दुसरा एक, कॉलेजात संघटनेत असतोय, तो म्हणतोय विंडोज वापरणं हीच गुलामी आणि लिनक्सला व्हायरस लागतच नाही. मला दोघांचं बी पटत नाही, खरं उलट काय सांगावं ते बी सुचत नाही. जाणकारांनी सांगावं, डेस्कटॉपवर लिनक्स खरोखर किती सेफ, आणि ह्याच्यात डावं-उजवं कुठनं घुसलं. सीमाप्रश्न इथं आणू नका, त्याला दुसरे धागे पडलेत.

टर्मिनलबुवा

मूळचा खानापूरचा, पोटासाठी बेंगळुरात सर्व्हर सांभाळतो. पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो, दुसऱ्यावर इथले दिग्गज तुटून पडतीलच.

व्हायरस लागत नाही म्हणणाऱ्याला आधी गप्प बसवा. २०१६ च्या फेब्रुवारीत खुद्द लिनक्स मिंटची वेबसाइट हॅक झाली होती आणि काही तास तिथनं बॅकडोर (चोरदरवाजा) घातलेली आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, डाउनलोड होत होती. स्नॅप स्टोअरवर, म्हणजे उबुंटू लिनक्सच्या अॅपच्या दुकानात, क्रिप्टोची खोटी वॉलेटं सापडलीत, लोकांचे पैसे गेलेत. २०२५ च्या जुलैत आर्च लिनक्सच्या एयूआरमध्ये, म्हणजे लोकांनीच भरलेल्या सॉफ्टवेअरच्या साठ्यात, फायरफॉक्सच्या नावाखाली मालवेअर टाकलेलं निघालं. तेव्हा लागतं, सगळं लागतं.

फरक कुठे पडतो सांगतो. तुमच्याकडे येणाऱ्या क्रॅक विंडोजचं काय असतं बघा, अॅक्टिव्हेटर (की न घेता विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम) चालवायचा तर आधी विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद करा, मग तो फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाका, मग कुठल्या तरी टेलिग्राम चॅनेलवरनं आलेली ईएक्सई अॅडमिन म्हणून चालवा. म्हणजे चोराला आपणच दार उघडून वर पाणी विचारायचं. आणि अपडेटनं अॅक्टिव्हेशन जाईल ह्या भीतीनं अपडेट कायमचं बंद. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर आलं तेव्हा त्या भोकाचा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता, दोन महिने आधी. ज्यांनी लावला ते वाचले. मिंट टाकलं की निदान हा सगळा प्रकार संपतो, सॉफ्टवेअर एका जागेवरनं सही होऊन येतं आणि अपडेटला कोण घाबरत नाही.

पण मालक, एक गोष्ट तुम्हालाही सांगितलीच पाहिजे. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप अजून मूळ सेटिंगला एक्स-इलेव्हनवर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर, चालतो, आणि एक्स-इलेव्हनमध्ये एका प्रोग्रॅमनं दुसऱ्या प्रोग्रॅमचे कीस्ट्रोक वाचायला काहीही परवानगी लागत नाही. खोटं वाटत असेल तर टर्मिनल उघडा, एक्सइनपुट टेस्ट म्हणून तुमच्या कीबोर्डचा नंबर द्या, आणि शेजारच्या ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड टाइप करा. टर्मिनलमध्ये एकेका बटणाचा कोड पडत जातो, की प्रेस अडतीस, की रिलीज अडतीस, खाली खाली. रूट (अॅडमिनचा हक्क) नको, काही नको. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हात कीबोर्डवरनं उचलला होता. वेलँड ह्या नव्या यंत्रणेत हे बंद आहे, एका खिडकीचं दुसरीला दिसत नाही, म्हणून जीनोम नाहीतर केडीई हे डेस्कटॉप टाकून वेलँड सेशन द्या जमेल तिथं. चार जीबीवर जीनोम रडेल, ते माहीत आहे.

फ्लॅटपॅक ह्या प्रकारचं अॅप सँडबॉक्समध्ये, म्हणजे कुंपणात, असतं म्हणतात, त्यातल्या बऱ्याच अॅपना अख्ख्या होम फोल्डरची परवानगी दिलेली असते. परवानग्या दाखवणारं फ्लॅटसील टाकून बघा एकदा, गंमत कळेल.

अनगोळचा_आण्णा

बुवांची टेक्निकल बाजू मान्य. आता दुसऱ्या प्रश्नावर मी बोलतो म्हणजे मारामारी सुरू होईल, होऊ दे.

ह्या डाव्या लोकांची मला गंमत वाटते. बँकांत, एलआयसीत कॉम्प्युटर आले तेव्हा लाल झेंडे घेऊन दारात कोण बसलेलं? नोकऱ्या जाणार म्हणून. आता तेच लोक लिनक्सचं कीर्तन करतात. बरं लिनक्स चालतंय कुणाच्या पैशावर? आयबीएमनं २०१९ ला रेड हॅट ही लिनक्सवाली कंपनी ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. मायक्रोसॉफ्ट स्वतः २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनची मेंबर आहे. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, कोड लिहिणारी बहुतेक मंडळी इंटेल, गूगल, रेड हॅट असल्यांच्या पगारावर. कसला लाल बावटा आणि कसलं काय, जगातल्या सगळ्यात मोठ्या भांडवलदारांनी मिळून चालवलेलं दुकान आहे ते, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही, धंद्याला बरं पडतं म्हणून चाललंय. एरिक रेमंड वाचा, ओपन सोर्सचा, म्हणजे कोड उघडा ठेवण्याचा, मोठा प्रचारक, माणूस बंदुकीच्या हक्काचा समर्थक आणि सरकार नको म्हणणारा, तो कुठल्या अँगलनं डावा?

जर्मनीतल्या म्युनिक शहरानं गाजावाजा करून लिनक्सवर उडी मारली आणि २०१७ ला परत विंडोजवर जायचं ठरवलं. भावनेवर मशीन चालत नाही.

कडोलीचे_मास्तर

आण्णा, अर्धं सांगितलंत, अर्धं खिशात ठेवलंत.

युनियननी कॉम्प्युटरला विरोध केला हे खरं, आणि सरसकट विरोध चुकलाच. पण त्याच डाव्यांच्या केरळात शाळेतली पोरं गेली कित्येक वर्षं लिनक्सवर शिकतात. २००१ ला मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन तिरुअनंतपुरमला येऊन गेले, एफएसएफ (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन) इंडिया तिथं सुरू झाली, आणि २००६ ला व्ही. एस. अच्युतानंदन मुख्यमंत्री झाल्यावर सरकारी धोरणातच मुक्त सॉफ्टवेअर आलं. आज तिथली काइट ही सरकारी संस्था स्वतःची उबुंटूवर बेतलेली सिस्टीम शाळांना देते, मल्याळममध्ये. आपल्याकडे सीमाभागातल्या मराठी शाळेत कॉम्प्युटरची खोली असते, तिला कुलूप असतं आणि किल्ली हेडमास्तरकडे. मी नोकरीत असताना बघितलंय सगळं, जास्त बोलत नाही.

म्युनिकचं सांगितलंत, श्लेस्विग-होल्स्टाइनचं सांगा की. ते जर्मनीतलंच राज्य, २०२४ ला त्यांनी तीस हजार सरकारी मशीन लिब्रे ऑफिस ह्या मुक्त सॉफ्टवेअरवर न्यायचं जाहीर केलं. आणि तिथं सत्तेत कोण, तर ग्रीन पक्षाबरोबर उजवीकडचा सीडीयू पक्ष. म्हणजे तुमचंही म्हणणं खरं ठरतंय, हे फक्त डाव्यांचं नव्हेच.

मूळ मात्र राजकीय आहे, ते नाकारू नका. स्टॉलमननी १९८३ ला ग्नू ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम जाहीर केली ती स्वस्त पडावी म्हणून नव्हे, तर वापरणाऱ्याला यंत्र उघडून बघायचा, दुरुस्त करायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा हक्क असावा म्हणून. १९८९ चा जीपीएल परवाना वाचा, माझा कोड घेतलास, सुधारलास आणि पुढे वाटलास तर तुझी सुधारणापण उघडी ठेव, एवढंच त्याचं सार. मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामरनी २००१ ला लिनक्सला कॅन्सर म्हटलं ते ह्या अटीला घाबरून. १९९८ ला रेमंड वगैरे मंडळींनी ह्याला ओपन सोर्स असं कंपन्यांना बोचू नये असं रूप दिलं आणि तिथनं दोन वाटा झाल्या. स्टॉलमन माणूस म्हणून वादग्रस्त आहेच, २०१९ ला त्याला एफएसएफचं अध्यक्षपद सोडावं लागलं, दोन वर्षांनी संचालक म्हणून परत आला तेव्हा निम्मी चळवळ भडकली. पण परवाना परवाना आहे.

उद्यमबाग_सीएनसी

तुमचं डावं-उजवं चालू दे, आमच्याकडचं ऐका. शॉपमध्ये एका मशीनच्या कंट्रोलरला अजून विंडोज एक्सपी हाय. कंपनी म्हणतीय कंट्रोलर बदला, बदलायचा खर्च ऐकला तर नवीन मशीनच का घेऊ नये वाटतंय. मग काय केलंय तर त्याला नेट नाही, लॅन नाही, प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर न्यायचा आणि पेनड्राइव्ह दुसरीकडं घालायचा नाही. घालतात तरी. पोरं त्याच्यावर गाणी भरून आणतात.

पार्ट डिझाइन करायचं फुकट सॉफ्टवेअर फ्रीकॅड १.० आलंय नोव्हेंबर २०२४ ला, भाच्यानं घालून दिलं, साधे पार्ट चांगले होतात. मोठी असेंब्ली केली की घाम फुटतोय. पण एक सांगतो, क्रॅक कॅड सॉफ्टवेअर ठेवलं की कधी तरी लायसन्सची नोटीस येतीय, एका शेजाऱ्याला आलेली, आकडा बघून माणूस दोन दिवस जेवला नाही. सेफ्टी सेफ्टी म्हणता ती हीच बी हाय की.

मशीन चालवायचा लिनक्ससीएनसी म्हणून एक प्रकार हाय तो बी बघालोय जुन्या मिलिंगसाठी. अमेरिकेच्या सरकारी निस्ट संस्थेत त्याचं मूळ, म्हणजे सरकारच्या पैशातनं झालेलं आणि सगळ्यांना उघडं. आता ह्याला डावं म्हणायचं का उजवं ते मास्तर आणि आण्णांनी बसून ठरवावं.

संचालक

सीमाप्रश्नावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. मालकांनी पहिल्याच पोस्टीत सांगितलंय, वाचत चला.

निपाणीवाली

मी निपाणीत कामगारांच्या एका छोट्या संघटनेच्या ऑफिसात काम करतो. विडी बांधणाऱ्या बायका, घरकाम करणाऱ्या, असं. तुमचा धागा वाचून दोन दिवस डोक्यात चाललंय म्हणून लिहालोय.

आमच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर. पासवर्ड १२३४५, तो बी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर. डेस्कटॉपवर फोल्डर, गल्लीच्या नावानं एकेक. उघडलं की बायकांची आधार कार्डं, पीएफची कागदं, विडी कामगाराचं ओळखपत्र, पासबुकाचे मोबाइलवरनं काढलेले फोटो, एका फोटोत तर पासबुकाशेजारी एटीएमचा पिन लिहिलेला कागद बी आलाय कारण तिला वाटलं ते बी द्यायचं असतंय. त्याच कॉम्प्युटरवर संध्याकाळी कोणाचं तरी पोरगं गेम खेळतंय. कोण पत्रकार आला तर तोच पेनड्राइव्ह लावून फोटो नेतोय.

कॉलेजातली कार्यकर्ती पोरं येतात आणि सांगतात की विंडोज काढा, लिनक्स घाला, सर्व्हेलन्सपासनं वाचाल. मला त्यांचं पटतंय बी आणि राग बी येतोय. कारण पेनड्राइव्ह घेऊन येणार, बसवून जाणार, फोटो काढणार, आणि पुढच्या महिन्यात प्रिंटर बंद पडला की फोन उचलत नाहीत.

आणि भीती खरी हाय हो. कोल्हापुरात कॉम्रेड पानसरे, धारवाडात कलबुर्गी सर, दोघं एकाच वर्षी गेले, २०१५ ला, आपण मधोमध. भीमा कोरेगावच्या केसमध्ये आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपवर मालवेअर घालून फाइली बाहेरून ठेवल्या असा अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगचा अहवाल फेब्रुवारी २०२१ ला आला. मेलमधनं आलेली फाइल उघडली आणि तिथनं नेटवायर नावाचं काय तरी आत आलं, सुमारे २२ महिने ते आत होतं असं त्यात म्हटलंय. तपास करणाऱ्या एनआयएनं तो अहवाल मानला नाही हे बी माहीत हाय. बुवा, मला सरळ सांगा, लिनक्स असतं तर हे झालं नसतं काय?

टर्मिनलबुवा

ताई, सरळ सांगतो. नक्की वाचले असते असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतोय.

त्या अहवालात म्हटलेलं मालवेअर विंडोजवर चाललेलं, तेवढी फाइल लिनक्सवर उघडली असती तर बहुतेक नुसती पडून राहिली असती. पण ज्याला नेमकं तुमच्यातच घुसायचं आहे, महिनोन् महिने वेळ आहे, ओळखीच्या माणसाच्या मेल आयडीवरनं गोड बोलून फाइल उघडायला लावायची तयारी आहे, तो तुमच्या मशीनवर काय आहे ते आधी बघतो आणि त्याप्रमाणे हत्यार आणतो. वर एक्स-इलेव्हनचं सांगितलं ते आठवा. होम फोल्डरमधलं सगळं वाचायला लिनक्सवरही रूट लागत नाही, आणि तुमची गल्लीवार फोल्डरं होममध्येच असणार.

तुमच्या ऑफिसला धोका कुणाचा जास्त? मला तरी वाटतं पेनड्राइव्हचा, चोरीचा, आणि संध्याकाळच्या पोराचा. तर करायचं ते एवढंच. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करायची टिकमार्क येते ती लावा, मशीन उचलून नेलं तरी आतलं वाचता येत नाही, पासफ्रेज मात्र विसरलात तर तुम्हालाही नाही, तेव्हा ती कागदावर लिहून कपाटात, मॉनिटरला नव्हे. पोराला वेगळं अकाउंट, त्याला सुडो (अॅडमिनचा हक्क) नको, आणि तुमचं होम त्याला वाचता येत नाही ना ते तपासून घ्या. कामाचा मेल आणि बायकांची कागदं एकाच अकाउंटवर ठेवू नका. बॅकअप एका एन्क्रिप्टेड डिस्कवर, आणि ती डिस्क ऑफिसात नको. पिनचा फोटो आजच्या आज उडवा आणि त्या बाईंना पिन बदलायला सांगा. ह्यातलं निम्मं विंडोजवरही होतं.

निपाणीवाली

पिनचा फोटो उडवला. तिला फोन बी केला, ती हसाय लागली, म्हणाली खात्यात हाय काय न्यायला.

अनगोळचा_आण्णा

ताईंचं ऑफिस आणि माझे विचार जुळायचे नाहीत, पण वरची पोस्ट आवडली. फोन न उचलणाऱ्या क्रांतिकारकांविषयी तर शंभर टक्के.

आता उघडं म्हणजे सुरक्षित ह्या समजुतीकडे वळू. दहा हजार डोळे बघतात म्हणे. एक्सझेडच्या वेळी ते डोळे कुठे होते?

टर्मिनलबुवा

आण्णा, बरोब्बर जागी बोट ठेवलंत, आणि माझ्या मते अख्ख्या धाग्याचा मुद्दा इथंच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी छोटीशी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. ती वर्षानुवर्षं सांभाळत होता फिनलंडचा लासे कोलिन, एकटा, हौसेनं, बिनपगारी. त्याने २०२२ ला मेलिंग लिस्टवर उघड लिहिलं होतं की मानसिक तब्येतीमुळे जमत नाहीये, हे फुकटचं काम आहे. त्याच वेळी काही लोक त्याच्या मागे लागले, पॅच लवकर घे, जमत नसेल तर दुसऱ्याकडे दे. त्यातल्या एका आयडीचं नाव जिगर कुमार होतं, आपल्याकडचं वाटावं असं, आणि आता सगळे मानतात की ती माणसंच खोटी होती. मग जिया टॅन नावाचा एक गोड मदतनीस पुढे आला, दोनेक वर्षं इमानेइतबारे काम केलं, मेंटेनर झाला, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोर घालून मोकळा झाला. हे पसरलं असतं तर जगातले कितीतरी सर्व्हर एका किल्लीनं उघडले असते. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड म्हणून पोस्टग्रेस डेटाबेसचा डेव्हलपर, त्याला एसएसएच लॉगिनला (सर्व्हरमध्ये दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खोदत बसला आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं. तो नोकरीला कुठे, तर मायक्रोसॉफ्टमध्ये. घ्या.

उघडं होतं म्हणून त्याला खोदता आलं हे खरं. आणि उघडं असूनही आत घालता आलं हेही तितकंच खरं. २०१४ च्या हार्टब्लीड ह्या भोकाची तीच कथा, अर्ध्या इंटरनेटची कुलपं ज्या ओपनएसएसएलवर, त्याला पूर्णवेळ माणूस एक, आणि वर्षाला देणग्या दोनेक हजार डॉलर. भोक दोन वर्षं तसंच होतं. तेव्हा कोड उघडा की बंद ह्याच्या आधी विचारायचं ते हे, की सांभाळतंय कोण आणि त्याला खायला कोण घालतंय. बंदवाल्यांचंही सांगतो, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीचं एक खराब अपडेट गेलं आणि ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडली, आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून देत होते. तिथं पैसा भरपूर होता.

कडोलीचे_मास्तर

बुवा, तुम्ही स्वतःला अराजकीय समजता आणि शुद्ध मजुरीचा प्रश्न मांडून गेलात. लासे कोलिनची बिनपगारी मेहनत, त्यावर अब्जावधींच्या कंपन्या. डावं राजकारण ह्याहून वेगळं काय बोलतं?

मला आपल्या भागातला सहकारी साखर कारखाना आठवतो. शेअर सर्टिफिकेट घरच्या ट्रंकेत, कायद्यानं कारखाना सभासदांचा. पण जनरल बॉडीला जाऊन जेवून सही करून येणारा सभासद आणि काटा बरोबर आहे का बघायला उभा राहणारा सभासद ह्यांच्यात फरक आहे, आणि दुसरे सापडत नाहीत म्हणून चेअरमनचं फावतं. जीपीएल म्हणजे ते सर्टिफिकेट. हातात आहे, फार मोठी गोष्ट आहे, पण काट्यावर कोण उभा राहणार?

कार्यकर्त्या पोरांना माझं हेच सांगणं आहे. लिनक्स बसवणं हे राजकारण नव्हे, प्रिंटर बंद पडल्यावर फोन उचलणं हे राजकारण.

हुक्केरी_हुडुगा

मी कन्नड मीडियमचा, मराठी घरातनं नाही बाजारातनं शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या सर.

एक गोष्ट कोणी बोललं नाही. आमच्याकडं डीटीपीचं काम, लग्नपत्रिका दोन्ही भाषेत. कन्नड जुनी फाइल नुडी फॉन्टमध्ये, मराठी फाइल श्रीलिपी फॉन्टमध्ये, सगळं कोरलड्रॉवर. ती फाइल लिनक्सवर उघडली की देवाचं नाव बी इंग्लिश अक्षरांचा कचरा दिसतंय. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची पद्धत, नाही ना ते. म्हणजे पंधरा-वीस वर्षांचं काम त्या फॉन्टमध्ये अडकलंय, सॉफ्टवेअरवाला उद्या बंद झाला तर पत्रिका, हँडबिल, मठाची पुस्तकं, सगळं गेलं. हे कन्नडवाल्याला बी लागू आणि मराठीवाल्याला बी, इथं कोणाची बॉर्डर नाही.

म्हणून आता नवीन काम सगळं युनिकोडमध्ये करतोय, इंकस्केप आणि स्क्रायबस ह्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये. जोडाक्षर आता नीट येतंय, आधी फार त्रास होता. फक्त सुंदर फॉन्ट कमी. लोहित चांगला आहे वाचायला, खरं लग्नपत्रिकेवर लोहित टाकला तर नवरीचा बाप म्हणतोय हे काय रेशन दुकानाचा बोर्ड काय.

उद्यमबाग_सीएनसी

रेशन दुकानाचा बोर्ड. ठार मेलो.

अनगोळचा_आण्णा

हुडुगा, तुझी पोस्ट ह्या धाग्यातली एक नंबर.

मास्तर, आता माझ्या बाजूचं एक घ्या. २०२५ च्या जुलैत युरोपनं निर्बंध लावले म्हणून मायक्रोसॉफ्टनं नायरा एनर्जीची सेवा बंद केली होती. गुजरातेत वाडीनारला त्यांची रिफायनरी, भारतातली कंपनी, पैसे भरलेले, आणि मेल बंद. दिल्ली हायकोर्टात गेल्यावर परत सुरू झालं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपलं आपल्या हातात पाहिजे. ह्याला मी स्वदेशी म्हणतो, तुम्ही काहीही म्हणा. सरकारी मेल झोहो ह्या आपल्या कंपनीवर नेली ते योग्यच.

कडोलीचे_मास्तर

झोहो आपली असेल, पण कोड बंदच आहे ना. मालक तमिळनाडूचा झाला म्हणून काटा आपोआप दिसायला लागत नाही. सरकारी सी-डॅक संस्थेचं बॉस लिनक्स २००७ पासून आहे, संरक्षण खात्यानं २०२३ ला माया सिस्टीम आणली ती उबुंटूवरच. ती वाट जास्त बरी.

टर्मिनलबुवा

आणि तीही पूर्ण आपली नाही. ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकन निर्बंधांचं कारण देऊन लिनक्स कर्नलच्या मेंटेनर यादीतनं काही रशियन नावं काढली. लिनक्स सुरू करणाऱ्या टोरवाल्ड्सनी त्याचं समर्थनच केलं, मी फिनिश (म्हणजे रशियाच्या शेजारचा) आहे म्हणाला. कोड घेऊन वेगळी चूल मांडायची मुभा रशियनांना आहे, नायराला मायक्रोसॉफ्टच्या सेवेच्या बाबतीत ती नव्हती. एवढाच फरक, पण आहे.

खडेबाजार_हार्डवेअर

मंडळी, धागा काढला तेव्हा एवढं होईल वाटलं नव्हतं. रात्री दुकान बंद करून सगळं वाचलं.

माझं आता असं ठरलंय. मिंट नाहीतर डेबियन (लिनक्सचाच दुसरा प्रकार) टाकून देणार त्याचे पैसे घेणार, फुकट नाही. वर वर्षाचं मेंटेनन्स वेगळं, त्यात महिन्यातनं एकदा अपडेट बघणं, बॅकअप खरंच उघडतोय का ते तपासणं, आणि फोन उचलणं. जीएसटीची डिजिटल सही, टॅली असलं काम ज्यांचं हाय त्यांना विंडोज काढायला सांगणार नाही, त्या टोकनच्या ड्रायव्हरपायी माझी संध्याकाळ जाते. त्यांनी ओरिजिनल की घ्यावी, अॅक्टिव्हेटर मी मारून देणार नाही, दुसरं दुकान बघा. मेंटेनन्सच्या पैशातनं थोडं वर्षाला मिंटवाल्यांना पाठवणार, त्यांच्या साइटवर देणगीचं बटण हाय.

निपाणीवाली ताई, तुमचं मशीन पुढच्या आठवड्यात करून देतो, मी तिकडं येणारच हाय. मेंटेनन्स तुमच्याकडनं घेणार नाही, खरं पेनड्राइव्ह लावणाऱ्या त्या पत्रकाराला आधी आवरा.

निपाणीवाली

घ्या की मालक, का घेणार नाही? आमच्या बायका विडीच्या हजारामागं मजुरी वाढवून मागायला रस्त्यावर बसतात आणि तुमचं काम आम्ही फुकट घ्यायचं? वर्गणीतनं देतो. पावती पाहिजे फक्त, ऑडिटला लागतीय.

अनगोळचा_आण्णा

पावती जीएसटीची देणार का मालक, का इथंही अॅक्टिव्हेटर?

खडेबाजार_हार्डवेअर

आण्णा तुमचा सीपीयू घेऊन या आधी, गेल्या वर्षीचं बिल राहिलंय.